जोडीतल्या बाईबद्दल

प्रिय मनू,

परवा फोनवर म्हणालीस ना की दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांमधल्या लोकांत बाई-पुरुष समानता आधीपासूनच आहे, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून सविस्तर लिहिते.

बोलिव्हियातले आयमारा लोक चांगल्या जगण्याला सुमा कामान्या म्हणतात, माणसं, जमीन, पाणी, जनावरं सगळ्यांशी जुळवून घेत जगायचं, २००९ च्या राज्यघटनेतसुद्धा ते आलंय. त्यातलीच एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाचा-वार्मी, पुरुष आणि बाईची जोडी. बटाट्याची लावणी बघ, तो सरी पाडत पुढे जातो आणि बी टाकायचं ते तिनं, कारण जमीन म्हणजे पाचामामा, त्यांची धरणीमाता, तीही बाईच. गावचा कारभारसुद्धा जोडीला मिळतो, तो मल्कू तर ती मामा ताल्या. मला हे मनापासून आवडतं गं, एकट्याचा मोठेपणा तिथं चालत नाही.

पण गावच्या बैठकीत जाऊन बघ, कितीतरी ठिकाणी पुरुष बाकावर आणि बायका खाली जमिनीवर, पोर पाठीशी बांधलेलं, आणि जोडीच्या वतीनं बोलणार तोच! शिवाय लग्न झाल्याशिवाय पुरतं माणूस धरतच नाहीत, मग जिनं लग्नच केलं नाही, जिचा नवरा गेला, जिला टाकलं, तिनं कुठं जायचं? आपल्याकडे पूजेला जोडीनं बसवतात आणि विधवेला मागं ठेवतात, तसंच झालं की हे.

आणि एकटीनं पुढं यायचं म्हटलं तर काय होतं तेही ऐक. हुआना किस्पे ही आंकोराइमेस गावची आयमारा नगरसेविका, रीतसर निवडून आलेली, तरी तिला कामच करू देईनात, राजीनामा दे म्हणून मागं लागले, ती कोर्टात जाऊन लढली आणि मार्च २०१२ मध्ये तिचा खून झाला. त्यानंतर दोनच महिन्यांत राजकारणातल्या बायकांच्या छळाविरुद्धचा २४३ नंबरचा कायदा झाला, जो कित्येक वर्षं नुसता रखडला होता. फार राग येतो मला याचा.

म्हणून मला हुलिएता पारेदेस पटते. तीही आयमाराच, बायकांच्या हक्कांसाठी लढणारी, ती म्हणते पुरुषी सत्ता काही एकट्या स्पॅनिश लोकांनी आणली नाही, आमच्यात आधीही होती, दोन्ही एकमेकांत मिसळल्या. आणि जोडी म्हणजे नवरा-बायको नव्हेच, गावातल्या सगळ्या बायका आणि सगळे पुरुष, त्यातही वार्मी आधी, मग चाचा. म्हणजे सुमा कामान्या सोडायचं नाही, त्यातली आपली जागा मागायची. बाहेरून कुणी शिकवायला आलेलं नाही त्यांना, हे तुझ्या गटातल्या बायकांना नक्की सांग, आणि त्या काय म्हणतात ते मला लिही, फोनवर घाईत नको.

तुझी,
शमा