घासू नकोस

ठाणे,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

फोटो मिळाला. गॅरंड! अमेरिकी लष्कराची ती जुनी रायफल! आणि तिकडे ओहायोत तुझ्याकडे! एनसीसीची परेड बुडवून तलावपाळीला शेंगा खात बसणारा तू, पॉइंट टू-टूच्या रेंजवर कोपरं सोलून घेणारा मी, आणि ही बया आली कुणाच्या घरी तर तुझ्या. असो. तब्येत बरी, शुगर होती तिथेच आहे. इतके महिने पत्र नाही त्याबद्दल ज्या शिव्या द्यायच्या त्या मनात देऊन घे.

फोटोखाली तू लिहिलंयस, "लाकूड फार कळकट आहे, घासून पॉलिश मारतो, मग बघ." ते वाचल्यापासून माझा जीव टांगणीला लागलाय. बाबा रे, घासू नकोस. जवसाच्या तेलाचा हलका हात फिरव हवं तर, पण सँडपेपर नको, व्हार्निश नको.

लाकडाच्या डाव्या अंगाला, घोड्याच्या जरा वर, दाबून उठवलेला शिक्का दिसतो का बघ. महायुद्धातली असेल तर चौकटीत तपासनिसाची अक्षरं, पन्नाशीतल्या खेपेची असेल तर गरुड आणि तीन तारे. पुसट असतो, टॉर्च तिरका धर. जमवणारे त्या शिक्क्यावर जीव टाकतात. सँडपेपरचे चार हात बसले की तो गेला, आणि नवा उठवून घेतलास तर ती लबाडी. लोखंडावरचा करडा-हिरवट थरही मळ नव्हे. तो फॉस्फेटचा. गंज धरू नये, उन्हात चमकू नये, म्हणून मुद्दाम दिलेला. तुझ्या हातात बफिंगचं चाक येण्याआधी हे सांगतोय.

मी इतका का घाबरतोय? घंटाळीचा झोपाळा! नानांनी कडीजवळ चाकूनं कोरलेलं १९६५ तू 'डाग' म्हणून घासून काढलंस आणि वर चॉकलेटी ऑइलपेंट फासलास. काकू किती तरी दिवस तुझ्याशी बोलेनात. तू अजून म्हणतोस, झोपाळा छान दिसत होता. दिसत होता ना, लॉजमधल्या फर्निचरसारखा.

आणि नानांनी ६५च्या युद्धात समोर काय पाहिलं होतं, विसरलास? आपल्या कितीतरी पलटणींकडे तेव्हाही थ्री-नॉट-थ्रीच. गोळी झाडा, बोल्ट ओढा, ढकला, पुन्हा नेम धरा. पलीकडे पाकिस्तान्यांच्या हातात अमेरिकेच्या मदतीतून आलेल्या गॅरंड. घोडा दाबत राहायचा, आठ गोळ्या सुटतात, मग त्या गोळ्या धरणारी रिकामी क्लिप टिण्ण करून उडते. नाना बाकी सगळ्यांना शिव्या घालायचे, त्या रायफलीला कधी नाही. "चीज आहे," म्हणायचे.

दुर्मिळ म्हणशील तर ती नाही. १९३६ साली अमेरिकी लष्करानं घेतली, १९५७ पर्यंत बनत होती, पन्नास लाखांच्या वर झाल्या. दुर्मिळ आहे ती कुणी हात न लावलेली. तुझीचे सुटे भाग वेगवेगळ्या काळचे निघाले तर हिरमुसू नकोस. लष्करी कारखान्यात दुरुस्तीसाठी ढिगानं खोलायच्या आणि हाताला येईल तो भाग बसवायचे. नंबर जुळणं एसकेएस या रशियन बनावटीच्या रायफलीत बघायचं, तिथे बोल्टवर, मॅगझिनवर, लाकडावरसुद्धा आकडे असतात. तूच विचारलंस म्हणून सांगतो, एसकेएस घेशील तर व्हिएतनामहून शिपायानं घरी आणलेली बघ, सोबत लष्कराचा परवानगीचा कागद असलेली. कागद नसेल तर नुसती गोष्ट, आणि गोष्टी काय तूही रचतोस.

ही रायफल घडवणाऱ्या बिचाऱ्या जॉन गॅरंडनं पेटंटचे हक्क सरकारला देऊन टाकले. त्याला लाख डॉलर द्यावेत असं विधेयक आलं, तेही बारगळलं. मला आपले देशमुख सर आणि त्यांची अडकलेली पेन्शन आठवली.

गोळ्यांचं मात्र ऐक. थर्टी-ऑट-सिक्स हे गॅरंडचंच माप लिहिलंय म्हणून आजच्या शिकारीच्या जोरकस गोळ्या घालू नकोस, नळीखालचा लांब दांडा वाकतो. गॅरंडसाठी म्हणून वेगळ्या मिळतात त्या घे. जुन्या लष्करी मिळाल्या तर वापरल्यावर गरम पाण्यानं नळी धू, कोरडी कर, तेल दे, नाहीतर त्यातले क्षार लोखंड खातात. आधी जाणकाराकडून तपासून घे. आणि क्लिप भरताना अंगठा सांभाळ. बोल्ट पुढे आला की चेचतोच. तुझा चेचणार, मी लिहून देतो.

कॅम्प पेरीची नेमबाजीची रेंज तुमच्या ओहायोतच ना? तिथे दर उन्हाळ्यात गॅरंडचीच स्पर्धा असते. जा एकदा. मी इथे काय करणार? अशी रायफल आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात, २०१९ पासून तर परवान्यावर शस्त्रंही दोनच. माझ्या कपाटात पुस्तकं आहेत, आणि तीही काढ म्हणून घरातून नोटीस आलीय.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूची अ‍ॅडमिशन झाली का? पिंट्याला फोन कर, तो रागावलाय, कारण विचारू नकोस.

नेम धरायच्या मागच्या साइटच्या पाठीमागचा नंबर आणि दांडा मागे ओढल्यावर नळीच्या उजव्या अंगाला दिसणारा महिना-साल, दोन्हींचे फोटो पाठव. डिसेंबरात येशील तेव्हा मात्र गोळीच काय, रिकामी क्लिपही बॅगेत टाकू नकोस. तुला सोडवायला मी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून विमानतळ गाठेपर्यंत तुझी परतीची फ्लाइट सुटलेली असेल.

तुझा,
सुध्या