गाभणकाळ घाई करत नाही

प्राध्यापकांच्या बढतीसाठी दरवर्षीचे शोधनिबंध मोजावेत, असे सुचवणारा लेख वाचला. पशुप्रजनन संशोधनाला हा निकष लावणे पटत नाही. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते. तिचा गाभणकाळ सुमारे 280 दिवसांचा, म्हशीचा 310. एक रेतन वाया गेले की तीन आठवडे गेलेच. त्यात म्हशीचा मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणे फारशी न दाखवणारा! भल्या पहाटे गोठ्यात उभे राहून शेपटीखालचा काचेसारखा चिकट स्राव शोधावा लागतो. वळूची पारख त्याच्या कालवडींच्या दुधावरून करायची, तर त्या जन्मून, वाढून, विऊन दुधाच्या नोंदी हाती येईपर्यंत चार-पाच वर्षे सहज उलटतात. अशा विषयात किमान पाच वर्षांचे काम एकत्र तपासावे, आणि हो, गोठ्यातल्या नोंदवह्याही.

– एक निवृत्त अध्यापक, पशुशरीरक्रियाशास्त्र