फ्लूनंतर पायातली ताकद गेली तर थांबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव परिसरात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा पाणी उकळून पिण्याचा सल्ला घरोघर पोहोचला. तो योग्यच होता, कारण तिथे रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आढळला होता. पण तेव्हापासून हा आजार दूषित पाण्यानेच होतो, अशी समजूत पक्की होऊन बसली आहे. फ्लू किंवा करोनानंतरही तो होऊ शकतो. २०२०मध्ये उत्तर इटलीतल्या डॉक्टरांनी करोनानंतर जीबीएस झालेल्या पाच रुग्णांची नोंद केली होती. त्यांचे हातपाय करोनाची लक्षणे दिसल्यापासून ५ ते १० दिवसांत लुळे पडू लागले होते.

माझ्या धाकट्या भावाचा ताप-खोकला बरा झाला आणि आठवड्याभराने पायांना मुंग्या येऊ लागल्या. मग जिना चढवेना, बसलेला उठता येईना. जवळच्या दवाखान्यात तापानंतरचा अशक्तपणा म्हणून सलाईन आणि बी-१२ची इंजेक्शने दिली गेली. जीबीएसमध्ये गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय नेहमीसारखा उडत नाही, पण तसे मारून पाहायचे कुणाला सुचले नाही. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याला श्वास पुरेना, व्हेंटिलेटर लावावा लागला. आज तो चालतो, पण मधले महिने आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक.

विषाणूशी लढणारी प्रतिकारशक्ती या आजारात आपल्याच नसांवर उलटते. तो विरळाच, वर्षाला लाखात एखाद-दोघांना होणारा. म्हणून प्रत्येक सर्दीला घाबरायचे कारण नाही. परंतु इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर जास्त उपयोगी पडतो. नुसत्या स्टिरॉइडचा फायदा होत नाही, आणि गावाकडे तेच आधी दिले जाते याची मला फार काळजी वाटते.

फ्लू, करोना, न्यूमोनियाच्या रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर मराठीत एवढे छापावे: 'पुढच्या महिनाभरात दोन्ही पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, चेहरा वाकडा होणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यांपैकी काही जाणवले तर त्याच दिवशी या.' आशाताईंनाही ही लक्षणे सांगून ठेवावीत. आरोग्य खात्याने या पावसाळ्याआधी तसा आदेश काढावा, आणि आपल्या दैनिकानेही हा मजकूर ठळक छापावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा