संकेतस्थळ नवे करताना बाहेर पडण्याची वाट आधी पाहावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील देवस्थान समित्या, वाचनालये, शिक्षणसंस्था, साहित्य आणि नाट्यमंडळे, तसेच किनारपट्टीवरील लहान निवासगृहे यांपैकी बऱ्याच जणांची आता स्वतःची संकेतस्थळे आहेत आणि दर चार-सहा वर्षांनी ती जुनी दिसू लागली म्हणून नव्याने करून घेतली जातात. माझा व्यवसायच तो असल्यामुळे अशा नूतनीकरणाच्या बैठकांना मला बसावे लागते. तेथील चर्चा प्रामुख्याने नवेपणाभोवती फिरते: शेजारच्या देवस्थानाने काय घेतले, मुंबईतल्या कंपन्या सध्या काय वापरतात, ॲप हवे की नको, चॅटबॉट बसवायचा की नाही. आज घेतलेले तंत्रज्ञान पाच-सात वर्षांनी मागे पडले तर संस्थेच्या हाती काय उरेल, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. माझ्या मते निवडीचा पहिला निकष तोच असला पाहिजे. त्याची कारणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मराठी वाचकाच्या ओळखीचे उदाहरण फॉन्टचे आहे. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरावीक क्रमांक देणारे मानक; त्याच्या १९९१ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु घरोघरीच्या संगणकांवर युनिकोडमधील देवनागरी दिसू लागली ती विंडोज २००० आणि त्यामागून आलेल्या विंडोज एक्सपीमुळे, आणि ती अंगवळणी पडायला पुढे आणखी काही वर्षे गेली. मधल्या काळात छापखान्यांत रुळलेले फॉन्टच संकेतस्थळांवर आले. या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असे. वाचकाने नेमका तोच फॉन्ट उतरवून घेतला तर मजकूर मराठीत दिसे, एरवी पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चिखल. शोधयंत्रांना तर हा मजकूर मराठी आहे हेच कळत नसे, त्यामुळे त्या काळी मराठीत लिहिलेले पुष्कळसे लेखन संकेतस्थळावर असूनही शोधणाऱ्याला सापडत नव्हते.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची वेळ आली तेव्हा त्या निवडीची खरी किंमत कळली. जुन्या फॉन्टांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या नंतर. युनिकोडमधील क्रम उच्चाराचा असल्यामुळे दोन्ही बाबतींत तो बरोबर उलटा. रूपांतर करणारी साधने निघाली आणि ती उपयुक्तही आहेत, पण तीन व्यंजनांच्या जोडाक्षराला वेलांटी आणि रफार एकदमच लागले की ती अडखळतात, आणि अखेर कोणा शुद्धलेखन जाणणाऱ्या माणसाला ओळ न् ओळ वाचावीच लागते. ज्या संस्थांपाशी असा माणूस नव्हता किंवा त्याला द्यायला पैसे नव्हते, त्यांचे जुने अंक, अहवाल आणि संमेलनांची भाषणे संकेतस्थळावरून निमूटपणे नाहीशी झाली. पणजीतील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात, ज्याची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते, पोर्तुगीज राजवटीतील वृत्तपत्रे आजही हाती घेऊन वाचता येतात. त्या मानाने वीस वर्षांपूर्वीचा एखादा मराठी ई-अंक वाचणे अधिक कठीण झाले आहे. त्या काळी फॉन्ट निवडणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यापुढे दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. आज मार्ग उपलब्ध असूनही जत्रेची पत्रिका छापखान्यातील जुन्या फॉन्टात तयार करून तिचे चित्र संकेतस्थळावर चिकटवले जाते, त्याला मात्र ही सबब चालणार नाही. त्या चित्रातील तारीख शोधयंत्राला सापडेल याची खात्री नसते, आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या फोनमधील वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तेथे सहसा केवळ एक चित्र आहे एवढेच कळते.

संकेतस्थळावर हलती चित्रे आणि संगीत दाखवणाऱ्या ॲडोबी कंपनीच्या फ्लॅश या तंत्राचीही गत याच जातीची. एके काळी पर्यटन व्यवसायातील संकेतस्थळ उघडले की लाटा, माड आणि संगीत यांची हलती प्रस्तावना सुरू होई आणि ती वगळण्याचे बटण शोधत बसावे लागे. आयफोनने २००७ पासून फ्लॅशला कधीच थारा दिला नाही, ॲडोबीने २०११ साली मोबाइलवरील फ्लॅश थांबवले, जुलै २०१७ मध्ये ते पूर्ण बंद करण्याची घोषणा केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा संपला. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच मजकूर दाखवायला नकार देऊ लागला. म्हणजे सूचना साडेतीन वर्षे आधी मिळाली होती, तरीही ज्यांचा सगळा मजकूर फ्लॅशच्या फाइलीत बंद होता त्यांना तो नव्याने लिहावा लागला. इंटरनेट एक्सप्लोररवरच चालणाऱ्या कार्यालयीन प्रणालींचे १५ जून २०२२ नंतर, म्हणजे तो ब्राउझर निवृत्त झाल्यावर, असेच हाल झाले. याउलट वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत उभारलेल्या जगातील पहिल्या संकेतस्थळाची १९९२ मधील प्रत सर्नने मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली आहे आणि ती आजच्या साध्या फोनवरही विनातक्रार उघडते. तिच्यात वेबपाने लिहिण्याचे मूळ, साधे एचटीएमएल आहे, आणि १९९३ साली सर्नने वेबवरचा आपला हक्क सोडून ते सर्वांसाठी खुले केल्यामुळे ते वाचण्याची क्षमता कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही.

या दोन टोकांच्या मध्ये रोजच्या निवडी येतात आणि तेथे मी एक साधा हिशेब वापरतो. एखादी गोष्ट स्वीकारायला किती सोपी आहे हे विक्रेता सांगतोच. ती सोडायला किती अवघड आहे हे आपण शोधायचे. सोडणे सोपे असेल तर नवी गोष्ट लवकर घ्यायला हरकत नाही. सोडणे अवघड असेल तर ती कितीही आकर्षक असली तरी इतरांचे अनुभव पाहून उशिरा घ्यावी. पावसापूर्वी आपण घराची कौले परततो, फुटलेली बदलतो, पण चौथरा काही दरवर्षी खणत नाही. संकेतस्थळाचा मजकूर, त्याचा पत्ता आणि तो साठवण्याची पद्धत हा चौथरा आहे.

या हिशेबाने पाहिले तर काही गोष्टींत उशीर करणे हाच अपराध ठरतो. मजकूर सुरक्षित मार्गाने पोहोचवणारे एचटीटीपीएस हे त्याचे ठळक उदाहरण. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने २०१५ च्या अखेरीस यासाठी लागणारी प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य द्यायला सुरुवात केली आणि जुलै २०१८ पासून क्रोम एचटीटीपीएस नसलेल्या संकेतस्थळांना ‘असुरक्षित’ म्हणू लागला. तरीही देणगीसाठी बँकेचा तपशील दाखवणारी काही पाने त्यानंतरही दीर्घकाळ तशीच राहिली. संकेतस्थळ चालवणाऱ्या वर्डप्रेससारख्या प्रणालीची आणि ती ज्या भाषेत लिहिली आहे त्या पीएचपीची सुरक्षा-अद्यतने याच गटातील. ती ‘आत्ता चालते आहे ना’ म्हणून पुढे ढकलण्याची सवय गोव्यात, आणि बहुधा इतरत्रही, फार आहे.

ब्राउझरमध्ये येणाऱ्या नव्या सोयींबाबत थोडी सबुरी पुरते, कारण त्या खुल्या मानकांतून येतात आणि एकदा सर्वत्र रुजल्या की सहसा जात नाहीत. पानाची मांडणी करणारे सीएसएस ग्रिड वर्षानुवर्षे चर्चेत होते. मार्च २०१७ मध्ये ते क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत जवळजवळ एकाच वेळी आले, आणि त्यापूर्वी त्याच कामासाठी केलेल्या अनेक खटपटी अनावश्यक झाल्या. एखादी सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचली आहे की नाही हे पाहण्यासाठी २०२३ पासून ‘बेसलाइन’ ही खूण वापरात आली आहे: सोय सर्वत्र आल्यावर तिला ‘नव्याने उपलब्ध’ म्हणतात आणि तेथून तीस महिने उलटले की ‘व्यापकपणे उपलब्ध’. माझ्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्याचा यामुळे मोठा भार हलका झाला आहे. रोज येणाऱ्या प्रत्येक घोषणेमागे धावण्याची गरज राहत नाही; दुसऱ्या टप्प्यावर पोहोचलेले तेवढे शिकले तरी संस्थांची कामे उत्तम होतात.

खरी गफलत होते ती जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कांपाशी, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या त्या भाषेतील तयार सांगाड्यांपाशी, ज्यांवर पूर्ण संकेतस्थळ उभारले जाते. गुगलच्या अँग्युलरजेएसवर असंख्य संकेतस्थळे बांधली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली ती इतकी वेगळी होती की जुन्यावरून नव्यावर जाणे म्हणजे मोठ्या प्रमाणात पुनर्लेखन करणे ठरले, आणि २०२१ च्या अखेरीस जुन्याचा पाठिंबा संपला. मोठ्या कंपन्यांना हे झेपते. फर्मागुढीच्या किंवा अन्य महाविद्यालयांतून बाहेर पडलेले तरुण मला विचारतात की रिॲक्ट शिकावे की आणखी काही, तेव्हा नोकरीसाठी जे मागितले जाते ते जरूर शिका असेच मी सांगतो. फक्त त्याआधी त्याच्या तळाशी असलेले एचटीएमएल, सीएसएस, साधी जावास्क्रिप्ट आणि दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीची सुलभतेची मानके पक्की करा, कारण फ्रेमवर्क बदलले तरी हे ज्ञान वाया जात नाही. एखाद्या देवस्थानाला पूजेच्या वेळा, जत्रेचा दिवस, निवासाची सोय आणि अर्जाचा नमुना एवढेच दाखवायचे असेल तर त्याला कोणतेही जड फ्रेमवर्क लागत नाही. आपल्या देवस्थानांचे कुळावी, म्हणजे तेथील देवतेला कुलदैवत मानणारी कुटुंबे, गोव्याबाहेर मुंबई, कर्नाटक, केरळपर्यंत पसरलेली आहेत आणि इकडे सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागांत, विशेषतः पावसाळ्यात, नेटवर्कची परिस्थिती आपण जाणतोच. अशा वाचकाला पूजेची वेळ सांगण्यापूर्वी त्याच्या फोनने भलामोठा प्रोग्राम उतरवावा ही अपेक्षा मला अनाठायी वाटते.

दुसऱ्याकडून उसनी घेतलेली प्रत्येक फाइल हेही एक अवलंबित्व असते, हे जून २०२४ मध्ये कडू रीतीने सिद्ध झाले. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवणारी पॉलिफिल डॉट आयओ ही सेवा हजारो विकसकांनी एका ओळीने आपल्या पानांत जोडली होती. त्या वर्षीच्या आरंभी तिचे डोमेन, म्हणजे वेबवरचा नोंदलेला पत्ता, दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि पुढे तिच्यातून वाचकांना भलत्याच ठिकाणी नेणारा घातक कोड पाठवला जाऊ लागला. एक लाखाहून अधिक संकेतस्थळे त्या कचाट्यात सापडली. यातील विचित्र भाग असा की आधुनिक ब्राउझर आल्यावर बहुतेकांना त्या सेवेची गरजच उरली नव्हती. जोडताना एक ओळ पुरली, पण ती काढायचे कोणाच्या यादीत नव्हते.

संकेतस्थळच नको, फेसबुकचे पान पुरे, असे म्हणणाऱ्या समित्यांनाही हाच हिशेब लागू आहे. लोक तेथे आहेत म्हणून सूचना तेथे जरूर द्यावी. मात्र मूळ मजकूर आपल्या जागेवर ठेवून. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, आणि दोन्ही वेळी ज्यांनी छायाचित्रे व चर्चा अन्यत्र जपल्या नव्हत्या त्यांचे ते संचित गेले. सध्या आग्रह आहे तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटचा. व्यवस्थित लिहिलेल्या मजकुरावर तो वरून बसवला असेल आणि उद्या काढला तरी काही बिघडणार नसेल, तर प्रयोग करून पाहावा. मात्र अभिषेकाची वेळ किंवा प्रवेशाची शेवटची तारीख सांगण्याचे काम त्याच्यावर सोपवून मूळ पानच रिकामे ठेवणे धोक्याचे आहे, कारण ही साधने चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात आणि चुकीच्या दिवशी आलेला भाविक जाब समितीलाच विचारतो.

तेव्हा नव्या संकेतस्थळाचे दरपत्रक हाती आले की संस्थांनी फ्रेमवर्कच्या नावांपेक्षा कराराकडे लक्ष द्यावे. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदलेले असावे. ते विकसकाच्या नावावर राहिल्यामुळे अडकून पडलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत आणि त्यांची सोडवणूक तांत्रिक नसून केवळ विनवणीची असते. मजकूर युनिकोडमध्ये, चित्रांना शब्दांत वर्णन, बाहेरून जोडलेल्या सेवांची लेखी यादी, आणि संपूर्ण संकेतस्थळाची प्रत ठरावीक काळाने समितीच्या ताब्यात, या अटी कोणत्याही तंत्रज्ञानात पाळता येतात. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी विकसकाला तीच प्रत वेगळ्या सर्व्हरवर चढवून समितीसमोर उघडून दाखवायला सांगावे. सर्वसाधारण संकेतस्थळाचे हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. ते जमत नसल्याचे कारण पुढे आले, तर हप्ता रोखून ठेवायला समितीला कोणा तज्ज्ञाच्या सल्ल्याची गरज नाही.

आपला विश्वासू,
एक संकेतस्थळ व्यावसायिक,
फोंडा, गोवा