परमनंटचा विषय काढणार नाही

वसमत
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

चि. पनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवरही सांगता आलं असतं, पण मागच्या रविवारी फोनवर काय झालं ते तुला माहीत आहे. तू तो गुरुत्वीय लाटांचा आलेख दाखवत होतीस, आणि मी मध्येच म्हणालो, "एकशेतीस कोटी वर्षांपूर्वीचं सगळं सांगतेस, येत्या सप्टेंबरनंतर कुठं असशील ते सांग की." तू गप्प झालीस. मग म्हणालीस, "कार्डिफ. दोन वर्षं." आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते. आज भगरसुद्धा ताट आपटूनच वाढली.

चूक माझी. हे पत्र त्यासाठीच. परमनंटचा विषय यात काढायचा नाही असं ठरवून बसलो आहे.

तुझं काम मला कळत नाही असं मात्र समजू नकोस. तीस वर्षांवर पोरांना गणित शिकवलंय. तू सांगितलंस ते मी वहीत उतरवून ठेवतो. दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात, तसा लाटेचा सूर चढत जातो. तो किती झपाट्यानं चढतो यावरून मूळची लाट केवढी जोरकस असेल ते काढता येतं. आपल्यापर्यंत किती पोचली ते यंत्र सांगतं. दोन्हींवरून अंतर निघालं, मधल्या शिड्या नकोत. ती दीर्घिका किती वेगानं दूर चालली आहे ते दुर्बिणीवाल्यांनी द्यायचं, आणि मग साधा भागाकार. भौतिकशास्त्रज्ञ शुट्झ साहेबांनी १९८६ मध्ये हे कागदावर मांडलं तेव्हा ते कार्डिफलाच होते, हेही माझ्या वहीत आहे. म्हणजे तू जातेस ती जागा चांगलीच असणार. मी कुठं नाही म्हणतो?

आणि विश्व किती वेगानं पसरतंय त्या आकड्याचा, तो ६७ आणि ७३ चा वाद तर मला तुझ्याआधी कळतो. आपल्या खालच्या वावराच्या बांधाची मोजणी दोनदा झाली, दोन्ही वेळा सरकारीच माणूस, आणि दोन नकाशे. इकडे प्लँक उपग्रहवाले विश्वाच्या सुरुवातीच्या प्रारणावरून ६७ म्हणतात, तिकडे चमक कमी-जास्त होणाऱ्या सेफीड ताऱ्यांपासून अंतरं मोजत जाणारे ७३. दोघंही आपापल्या साखळीवर ठाम. मग १७ ऑगस्ट २०१७ ला तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची लाट येऊन पोचली आणि तुमचा तिसरा मोजणीदार आला. तो म्हणतो ७०, तेही दहाएक इकडेतिकडे! आपल्याकडे तिसऱ्यानं मधला आकडा सांगितला की लोक म्हणतात, यानं दोन्ही घरचा चहा घेतला. तशा टकरी आणखी बऱ्याच सापडल्याशिवाय ते दहाएक कमी होणार नाही, असं तू म्हणालीस. मी विचारलं, किती वर्षं? तू म्हणालीस, सांगता येत नाही.

बघ, आलाच तो विषय. सांगता येत नाही हेच मला झोपू देत नाही.

पनू, मी तुला घाबरवत नाही. मी घाबरलेला माणूस आहे, एवढंच. तासिका तत्त्वावर किती गावं केली ते तुला आठवणार नाही, तू कडेवर होतीस. मग ती शाळा मिळाली. नाव कशाला घ्यायचं? नेमणुकीच्या कागदावर शिक्का होता, ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे सरकारी अनुदान कधीच नाही. आयुष्यात ‘कायम’ हा शब्द माझ्या नावापुढे लागला तो एवढाच. २००९ मध्ये सरकारनं तो ‘कायम’ काढून टाकला, तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले आम्ही. पगार तरीही नाहीच. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचो, हजेरीपटावर सही करायची, प्रमेयं शिकवायची, आणि घर चालायचं तुझ्या आईच्या फॉल-पिकोवर. रात्री मशीनचा आवाज चालू असायचा आणि मी तुला लसावि-मसावि शिकवायचो. दाराशी कोणी आलं की मी पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसायचो, गिऱ्हाइकाला वाटावं सर घरी आहेत, मशीन तर हौसेची आहे.

ज्या वर्षी तुझा पुण्याहून रात्री फोन आला, "बाबा, ऐकू आलं, खरंच ऐकू आलं", तेच ते २०१६ साल. फेब्रुवारीत तुझ्या कृष्णविवरांच्या टकरीची लाट आणि सप्टेंबरात माझा वीस टक्के पगार. आइन्स्टाइननं लाटा सांगितल्या १९१६ ला, म्हणजे त्यांना शंभर वर्षं लागली. माझं जरा लवकर झालं. हसू आलं असेल तर बरं. त्या रात्री मला नीट कळलंही नव्हतं. लाटा पकडणाऱ्या त्या लिगो यंत्राचा चार किलोमीटरचा बोगदा आणि त्याची लांबी प्रोटॉनच्या शेकडो पटींनी लहान अंतरानं हलली, ती यांनी मोजली! मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात हेच सांगत बसलो, भूमिती राहिली बाजूला. एक पोरगं म्हणालं, "सर, एवढं बारीक मोजून काय भेटतं?" मी त्याला खडू फेकून मारला. आणि मागच्या रविवारी मीच त्या पोरासारखं बोललो.

तू मला गणिती प्र. चु. वैद्यांचं उदाहरण दिलंस. साठवलेल्या पैशावर काशीला गेले, नारळीकर सरांच्या वडिलांजवळ बसले, आणि १९४३ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांचं, प्रकाशणाऱ्या ताऱ्यासाठीचं ते उत्तर काढलं, जे आजही वापरतात. खरं आहे. पण त्यांच्याबरोबर बायको होती, तान्ही मुलगी होती. पैसे संपत आल्यावर घरात काय बोलणं होत असेल, ते समीकरणात येत नाही.

आणि मेमध्ये नारळीकर सर गेले, तेव्हा पेपरात आलेलं सगळं कापून ठेवलंय. वाचताना एकच गोष्ट डोक्यात राहिली. १९६४ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, पुढच्या वर्षी पद्मभूषण, वय सव्वीस. आणि त्याच १९६५ मध्ये विश्वाच्या सुरुवातीचं ते प्रारण सापडलं, सगळी दिंडी महास्फोटाच्या सिद्धांतामागे निघाली. हे निघाले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांना घेऊन महास्फोटाशिवायच्या विश्वाची पुन्हा नवी मांडणी केली. बरोबर की चूक हे मी कोण ठरवणार! माणूस शेवटपर्यंत म्हणत राहिला की एवढ्या लवकर शिक्कामोर्तब करू नका. मला तो आवडतो. पण पनू, १९७२ ला ते भारतात आले ते टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक म्हणून. पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. उलटं मत बाळगायचं तर बुड टेकायला जागा लागते. तू ६७ लाही हो म्हणत नाहीस, ७३ लाही नाही, आणि तुझा करार दोन वर्षांचा. दर दोन वर्षांनी ज्यांच्याकडे अर्ज करायचा, त्यांनाच ‘तुमचं चुकतंय’ कसं सांगणार? मी तरी कधी सांगू शकलो नाही. संस्थाचालकाच्या पुतण्याला गणितात पस्तीस दिलेत मी, सव्वीसचे. वर्ष सांगत नाही.

भाषण झालं. माफ कर. तुझी आई म्हणते, पत्रातही तुमचा खडू सुटत नाही.

एक कबुली आहे. कात्रणं ठेवायला ते लोखंडी कपाट रिकामं केलं, तर जुन्या हजेरीपटात एक पोस्टकार्ड सापडलं. तुझं अक्षर, सातवीतलं. आपण अठ्ठावीस फेब्रुवारीला आयुका बघायला गेलो होतो, रात्रीच्या एसटीनं, आठवतं? त्या कुंडात आइन्स्टाइनच्या पुतळ्यापाशी बसून तू दशमी आणि लसणाची चटणी खाल्लीस, आणि हात पुसायला काही नव्हतं म्हणून माझ्या धोतराला... नाही, तेव्हा मी पँट घालत होतो, धोतर तुझ्या आजोबांचं. असो. तिथं कोणीतरी सांगितलं की नारळीकर सर सही देत नाहीत, प्रश्न लिहून कार्ड पाठवा म्हणतात, उत्तराखाली सही येते. घरी आल्यावर तू कार्ड लिहिलंस आणि टाकायला माझ्याकडे दिलंस. मी ते टाकलंच नाही. विसरलो. तू परीक्षा संपेपर्यंत रोज पोस्टमनला विचारायचीस, आणि मी म्हणायचो, मोठी माणसं कामात असतात.

कार्डावर लिहिलंय, ‘विश्व पसरत आहे असे बाबा म्हणतात. मग वसमत ते नांदेडचे एसटीचे तिकीट त्यामुळे वाढते का?’

पुढे तू त्याच आवारात सहा वर्षं काढलीस. कधी विचारलंस का त्यांना? की तोवर उत्तर तुझं तुलाच सापडलं? मला आता माहीत आहे, तूच सांगितलंयस, की जे गुरुत्वानं बांधलेलं आहे ते पसरत नाही, घर, गाव, पृथ्वी, आकाशगंगासुद्धा. पसरतं ते दीर्घिकांच्या समूहांमधलं. कार्ड पाकिटात घातलं आहे. पंचवीस पैशांचं की पन्नास, पोस्टाचा शिक्का नसलेलं.

औंढ्याचं सांगायचं राहिलं. सोमवारी नागनाथाला गेलो होतो. परत येताना दत्तूमामा म्हणाला, "तुझ्या पोरीची लिगो इथंच होणार ना?" मी असा काही हो म्हणालो, जसा सातबारा माझ्याच नावावर आहे. एप्रिल २०२३ ला मंत्रिमंडळानं २६०० कोटी मंजूर केले, ते कात्रण मी लॅमिनेट करून घेतलंय. जागा निवडली ती शांत म्हणून. पण पांगरा शिंद्याकडे अजूनही जमिनीतून गूढ आवाज येतात, आणि गेल्या १० जुलैला सकाळी मांडणीवरची भांडी वाजली, ४.५ चा धक्का होता. तुझ्या आरशांना ते चालेल का? हसू नकोस, मला काळजी वाटते. २०३० म्हणतात. तेव्हा तू सदतीसची आणि मी सहासष्टचा. वसमतहून एसटीनं तासाभराचा रस्ता. तिथं जागा निघाल्या तर त्या परमनंटच असतील ना?

भांडी वाजली की मला किल्लारीची पहाटच आठवते. तू दोन महिन्यांची. सगळी गल्ली रस्त्यावर, आईच्या पदरात तू, आणि सगळं गाव रडत असताना तू डोळे उघडून वर बघत होतीस. मला वाटलं लेकरू घाबरलं. आई म्हणाली, नाही, चांदण्या बघते आहे. मी तिला तेव्हाही खोटं पाडलं होतं, दोन महिन्यांच्या पोराला एवढ्या लांबचं दिसत नाही म्हणून.

कार्डिफला जा. सामान नीट बांध. तुझी वसमतची हळद संपली असेल, यंदाची दळून ठेवली आहे, मामाचा सुहास ऑक्टोबरात लंडनला जातोय त्याच्याकडे देतो. त्याचं महावितरणमध्ये झालं हे मी तुला सांगणार नव्हतो. फिरायलाच जातोय.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते तिकडे पाऊस फार, चांगली छत्री घे. आणि हो, त्या करारात ‘दोन वर्षं, पुढे वाढवता येईल’ असं लिहिलंय की नुसतं दोन वर्षं? सहज विचारतो.