तिजोरी आणि माग

सोलापूर

प्रिय मित्र सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तिजोरी ताणलेली असताना छोट्या व्यापाऱ्यांनी करसवलत मागू नये, असे तू लिहितोस. मंत्रालयात उभी हयात घालवलेल्या माणसाने असे म्हणावे, यात नवल नाही. पण ती ताणली कोणी?

२०२५-२६ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात सुमारे सात लाख कोटींचा खर्च आणि ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती. मला या आकड्यांपेक्षा पुरवणी मागण्यांची धास्ती अधिक वाटते. मार्चमध्ये विधिमंडळाने खर्चाला मंजुरी द्यायची आणि पावसाळी अधिवेशनात सरकारने पुन्हा हात पसरायचा, हा आता शिरस्ताच झाला आहे. जुलै २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, त्या मागण्या ९४,८८९ कोटींच्या होत्या. लाडक्या बहिणींच्या दीड हजारांना माझा विरोध नाही. आपल्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांच्या हाती पडलेला पैसा इथल्याच दुकानांत खर्च होतो. आक्षेप आहे तो आधी वाटप आणि मग पात्रतेची छाननी, या उलट्या क्रमाला.

जीएसटीचे दर परिषद ठरवते, त्यामुळे तिथे राज्याला एकट्याने फारसे काही करता येत नाही. व्यवसाय कर मात्र १९७५ च्या कायद्याने राज्यानेच लावलेला आहे. राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठेवली असल्याने अक्कलकोट रोडवर चार मागांवर टॉवेल विणणारा कारखानदार आणि लाखोंच्या पगाराचा अधिकारी एकाच रकमेचे धनी होतात. शिवाय कारखानदाराने कामगारांच्या पगारातून कपात करायची, ती भरायची, विवरणपत्र द्यायचे आणि उशीर झाला की विलंब शुल्कही सोसायचे. रक्कम किरकोळ आहे हे मान्य. पण त्यापायी कर सल्लागाराला द्यावे लागणारे पैसे आणि सूत, वीज, मजुरी यांच्या हिशेबातून काढावा लागणारा वेळ तुमच्या कोणत्याच तक्त्यात येत नाही. मालाच्या व्यापारात चाळीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला जीएसटी नोंदणीतून सूट आहे. तीच रेषा व्यवसाय करालाही लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

मात्र सवलत दिली आणि खर्च तसाच ठेवला, तर काय होते हे एलबीटीने, म्हणजे महापालिकेच्या स्थानिक संस्था कराने, दाखवले आहे. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपर्यंतच्या उलाढालीला त्यातून सूट मिळाली, नव्या पेठेतल्या व्यापाऱ्यांना आनंद झाला, आणि महापालिका शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. म्हणून व्यवसाय करातील सूट जाहीर करतानाच कोणता खर्च कमी होणार, हे सरकारने त्याच भाषणात सांगावे, असा माझा आग्रह आहे.

पुरवणी मागण्यांमध्ये केंद्राच्या योजनांतील राज्यहिस्साही असतो, हे तू म्हणशीलच. तो किती आणि नव्या घोषणांचा भार किती, हे पुढच्या अधिवेशनानंतर मला सविस्तर कळव. तुझा आकडा पटला, तर माझा रोख मी बदलेन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मनोहर