आदरार्थी बहुवचन कोणाच्या वाट्याला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी कार्यालयांत मराठीतूनच बोलावे, असा शासननिर्णयही निघाला. मुंबईत मराठी कुठे आणि कोणाशी बोलावी, यावर तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले. ती बोलताना समोरच्या माणसाला कसे संबोधावे, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत फारसा आला नाही, म्हणून हे पत्र.

एखाद्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, हे वय आणि ओळख यांवरून ठरते, अशी आपली समजूत असते. या शहरात ते बहुतेक वेळा समोरच्याच्या कामावरून ठरते. इमारतीच्या फाटकाशी रात्रभर बसणाऱ्या साठीच्या गृहस्थांना विशीतली मुले ‘ए, गेट उघड रे’ असे खुशाल सांगतात, आणि तीच मुले बँकेच्या खिडकीशी आपल्याच वयाच्या कर्मचाऱ्याला ‘सर’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नाहीत. रस्त्यावर तर माणसाला हाक मारण्याचेही कष्ट आपण घेत नाही. ‘ए रिक्षा’, ‘ए टॅक्सी’ असे ओरडले की काम भागते. सर्वांत खटकते ते रुग्णालयांतले. सकाळी पालिकेच्या बाह्यरुग्ण विभागात ‘आजी, जीभ दाखव’ म्हणणारे तरुण डॉक्टर संध्याकाळी खासगी दवाखान्यात त्याच वयाच्या बाईंना ‘मॅडम, जीभ दाखवा’ म्हणतात. दोन्हीकडे तपासणी तीच, आजार तोच. बदललेली असते ती फक्त फी.

यावर कोणी म्हणेल की, ‘तू’मध्ये अनादर कुठे आहे? आईला आपण ‘तू’ म्हणतो, सख्ख्या मावशीला म्हणतो, विठ्ठलालाही म्हणतो. हे अगदी खरे आहे. मासळीबाजारातल्या कोळीणबाई गिऱ्हाईक मोटारीतून उतरलेले असो वा चालत आलेले, ‘काय पायजे तुला?’ असेच विचारतात आणि त्यात उद्धटपणा शोधणाऱ्याला ती बोली कळलेलीच नाही, असे मी म्हणेन. माझा आक्षेप एकेरी संबोधनावर नाही, एकतर्फी संबोधनावर आहे. ज्याला आपण ‘तू’ म्हणतो, त्याने उलट आपल्याला ‘तू’ म्हटले तर चालेल का, एवढे स्वतःला विचारून पाहावे. कोळीणबाईंना ते चालते. सोसायटीच्या सेक्रेटरींना बहुधा चालणार नाही.

नात्याची नावे लावली की हा प्रश्न सुटतो, असेही नाही. शाळेत आणि रुग्णालयात ‘मावशी’ आणि ‘मामा’ ही आता जवळजवळ पदांची नावे झाली आहेत. पस्तिशीच्या बाई चाळिशीच्या परिचारिकेच्याही ‘मावशी’ असतात आणि डॉक्टरांच्याही. त्याच बाई मुख्याध्यापिका किंवा अधीक्षक असत्या, तर त्यांना मावशी म्हणण्याचे धैर्य कोणालाही झाले नसते. तरीही निदान ‘मावशी, तेवढं पुसून घ्या’ असे म्हणणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. त्या हाकेत थोडी तरी माया असते, आणि क्रियापद तिची साक्ष देते.

‘बॉय’ या शब्दाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. वॉर्डबॉय, ऑफिसबॉय, डिलिव्हरी बॉय: यांतले अनेक जण मुलामुलींची लग्ने लावून मोकळे झालेले असतात. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, म्हणजे कायद्याच्या लेखी घरकाम करणाऱ्या बाई कामगार ठरल्या, त्याला आता बराच काळ लोटला; पण ‘मोलकरणी व डिलिव्हरी बॉय यांनी मागील लिफ्ट वापरावी’ असे फलक आजही अनेक इमारतींत शुद्ध मराठीत आणि ठळक अक्षरांत वाचायला मिळतात. (मराठी पाट्यांचा आग्रह धरणाऱ्यांनी या पाट्याही एकदा वाचाव्यात.)

आता थोडे वृत्तपत्रांविषयी, कारण हे पत्र मुळात आपल्याला लिहीत आहे. मराठी बातमीत मंत्री ‘म्हणाले’, उद्योगपतींचे ‘निधन झाले’, पोलीस उपायुक्तांनी ‘सांगितले’. पण रिक्षाचालक ‘म्हणाला’, बांधकाम मजूर ‘ठार झाला’ आणि भाजीविक्रेती ‘रडू लागली’. एकाच अपघाताच्या बातमीत गाडीतले डॉक्टर ‘जखमी झाले’ आणि त्यांचा चालक ‘जखमी झाला’, अशी वाक्ये शेजारी शेजारी छापून येतात. हा कोणा एका दैनिकाचा दोष नाही आणि त्यामागे कोणाचा हेतू असेल असेही मला वाटत नाही. बातमी घाईत लिहिताना हात आपोआप तसा वळतो, इतकी ही सवय मुरलेली आहे. खेळाडू आणि नटनट्या यांना वाचक लाडाने एकेरीत ओळखतात, तो भाग वेगळा. सफाई कामगारांच्या वाट्याला येणारे एकवचन लाडाचे नसते.

म्हणून विनंती अशी की, आपल्या दैनिकापुरता तरी एक साधा संकेत ठरवावा: प्रौढ व्यक्तीचा उल्लेख, तिचे काम कोणतेही असो, आदरार्थी बहुवचनात व्हावा. त्यासाठी जादा जागा लागणार नाही. अडचण येईल ती आरोपींच्या बाबतीत. पाकीटमारीच्या संशयितास आज गुन्हा शाबीत होण्याआधीच ‘तो’ म्हटले जाते आणि कोट्यवधींच्या गैरव्यवहारात अटक झालेले पुढारी कोठडीतही ‘ते’च राहतात. आरोपींसाठी एकवचन ठेवायचेच असेल तर माझी हरकत नाही. फक्त ते पुढाऱ्यांनाही लागू करावे.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई